दहशतवादावर बोलाच, पण तारीख-वार बोला : इंदूरच्या मराठी मंडळांना खुलं पत्र

इंदूरमधल्या मराठी व्याख्यानमालांचे संयोजक आणि गणेशोत्सव मंडळांचे विश्वस्त, पदाधिकारी व कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या व्याख्यानमालेत एक पूर्ण संध्याकाळ ‘जिहादी दहशतवाद : मूळ आणि उपाय’ या विषयाला द्यायची, असं आपल्यापैकी काही मंडळांनी ठरवलं आहे. विषय निवडलात याबद्दल आधी मनापासून अभिनंदन. २२ एप्रिल २०२५ला पहलगामला जे २६ जण मारले गेले, त्यांत डोंबिवलीचे, पुण्याचे लोक होते आणि आपल्या इंदूरच्याही एका घरातला माणूस होता. धर्म विचारून गोळ्या घातल्या. अशा वेळी आपल्या व्यासपीठावर याची चर्चा व्हायलाच हवी.

माझं म्हणणं आहे ते चर्चा कशी व्हावी याबद्दल. गेल्या काही वर्षांत या विषयावरची बरीच व्याख्यानं मी ऐकली. बहुतेकांची चाल एकच असते. वक्ते सातव्या शतकात सुरुवात करतात, दहा मिनिटांत गझनीच्या महमुदापाशी येतात, तिथून औरंगजेब आणि तिथून थेट २६/११. टाळ्या पडतात, सभागृह संतापानं भरून जातं आणि ‘हे लोक असेच’ एवढं एक वाक्य घेऊन माणसं घरी जातात. चौदाशे वर्षं अशी एका सुरात सांगितली की एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. कारण जर चौदाशे वर्षं तेच आहे, तर या संघटना विसाव्या शतकातच का उभ्या राहिल्या? ठरावीक देशांत, ठरावीक गावांत, ठरावीक वर्षीच का? जगातले सर्वांत जास्त मुसलमान इंडोनेशियात आहेत, आपल्या देशातही कोट्यवधी आहेत. मग इराक-सीरियात लढायला गेलेल्या परदेशी लोकांत भारतीय इतके थोडे का?

राज्यशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. वर्गातली अर्धी मुलं आपल्या मराठी-हिंदी घरांतली आणि बरीच खजराना, बंबई बाजार, चंदन नगर या मुसलमानबहुल वस्त्यांतली असायची. त्या वर्गासमोर हा विषय शिकवताना एक गोष्ट पक्की कळली. या बंडखोऱ्यांना जन्मगाव असतं, जन्मसाल असतं आणि त्यांना पोसणारे हात असतात. ते सांगितल्याशिवाय उपाय सांगता येत नाही. म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

सुरुवात इजिप्तमधल्या इस्माइलिया गावापासून करावी लागते. सुएझ कालव्याच्या कंपनीचं गाव. इंग्रज साहेबांचे बंगले एकीकडे, इजिप्शियन मजुरांच्या वस्त्या दुसरीकडे. १९२८ साली हसन अल-बन्ना नावाच्या तिथल्या एका शाळामास्तरनं ‘मुस्लिम ब्रदरहूड’ काढली. इकडे हिंदुस्थानात अबुल आला मौदुदींनी १९४१ साली लाहोरला जमात-ए-इस्लामी स्थापली. हे मौदुदी १९०३ साली जन्मले ते आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादेत. सार्वभौमत्व फक्त ईश्वराचं आणि माणसांनी केलेल्या कायद्याचं राज्य म्हणजे इस्लामपूर्व अज्ञानाचं राज्य, हा त्यांचा मुख्य सिद्धांत. तो इजिप्तच्या सय्यद कुत्ब यांनी उचलला. इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासेर यांच्या तुरुंगात छळ सोसताना त्यांचं लिखाण अधिकाधिक जहाल होत गेलं आणि १९६६ साली त्यांना फाशी झाली. पुढच्या पिढीनं त्यावरून असा निष्कर्ष काढला की अशा राज्याचा मुसलमान राज्यकर्ता हा मुसलमानच उरत नाही, त्याला मारणं हे धर्मकार्य. १९८१ साली इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांची हत्या झाली ती याच तर्कानं. म्हणजे या विचाराचा पहिला बळी मुसलमानच होता, आणि आजही इराक, अफगाणिस्तान, पाकिस्तान, नायजेरियात मरणाऱ्यांत सर्वाधिक संख्या मुसलमानांचीच आहे. पेशावरच्या लष्करी शाळेत डिसेंबर २०१४ मध्ये शंभराहून अधिक मुलं मारली गेली. कलमा म्हणणारी मुलं होती ती.

‘धर्माचा याच्याशी काही संबंध नाही’ असं म्हणणारेही आपल्यात आहेत. त्यांच्याशीही माझं जमत नाही. मारणारा वचनं म्हणत मारतो, त्यावर त्याचा विश्वास असतो, त्या विश्वासापायी तो स्वतः मरतो. ती विचारसरणी खरी आहे आणि तिच्याशी वैचारिक झगडा करावाच लागेल. मराठीत तो झगडा हमीद दलवाईंनी केला. १९६६ साली मुंबईत तोंडी तलाकाविरुद्ध सात मुसलमान बायकांचा मोर्चा त्यांनी काढला आणि १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. त्यांच्याच समाजातून त्यांना किती विरोध झाला हे आपल्या पिढीला ठाऊक आहे. आपल्या व्याख्यानांत दलवाईंचं नाव निघतं ते मुसलमानांना चार शब्द सुनवायला. ते माणूस म्हणून मुसलमानांच्या बाजूनं उभे होते, हे मात्र सांगायचं राहून जातं.

पण नुसत्या विचारसरणीनं बंड होत नाही. मौदुदी १९२०च्या दशकापासून लिहीत होते आणि कुत्ब १९६६ साली गेले. बंदुका मात्र पुष्कळ नंतर निघाल्या. त्यासाठी १९७९ हे साल समजून घ्यावं लागतं. माझ्या मते व्याख्यानातला अर्धा वेळ या एका वर्षाला द्यावा.

फेब्रुवारीत इराणमध्ये खोमेनी सत्तेवर आले. त्याच महिन्यात पाकिस्तानात जनरल झिया उल-हक यांनी हुदूद कायदे, म्हणजे चोरी, व्यभिचार अशा गुन्ह्यांना शरियतच्या शिक्षा, आणले, एप्रिलमध्ये त्यांच्याच राजवटीत पदच्युत पंतप्रधान भुट्टोंना फाशी झाली. लोकांनी निवडून न दिलेल्या त्या जनरलला धर्माचा आधार हवाच होता. नोव्हेंबरच्या २० तारखेला जुहायमान अल-ओतैबी आणि त्याच्या शेकडो सशस्त्र साथीदारांनी मक्केची मुख्य मशीद ताब्यात घेतली. ती परत घ्यायला सौदी सरकारला दोन आठवडे लागले. हादरलेल्या सौदी राजघराण्यानं त्यानंतर मुल्लामौलवींना आणखी सूट दिली आणि तेलाचा पैसा जगभर कट्टर प्रचारासाठी जास्तच सोडला. आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सोव्हिएत रणगाडे अफगाणिस्तानात शिरले.

त्यापुढची दहा वर्षं अमेरिकेनं आणि सौदी अरेबियानं अब्जावधी डॉलर पाकिस्तानच्या आयएसआय या गुप्तचर संस्थेच्या हातून अफगाण मुजाहिदांना पोचवले. पैसा कोणाला द्यायचा हे आयएसआय ठरवत होती आणि तिनं मवाळ, टोळीवाल्या पुढाऱ्यांना डावलून गुलबुद्दीन हिकमतयारसारख्या जहालांना झुकतं माप दिलं. पाकिस्तानात तीस लाखांच्या आसपास अफगाण निर्वासित होते. त्यांच्या मुलांसाठी अमेरिकेच्या मदतीनं छापलेल्या शाळेच्या पुस्तकांत बंदुका, गोळ्या आणि रणगाड्यांची चित्रं होती, आकडेमोडही त्यांच्यावरच. पेशावरला अरब स्वयंसेवकांसाठी कचेरी उघडली ती १९८४ साली, अब्दुल्ला आझम यांनी. ओसामा बिन लादेन तिथला पैसेवाला. १९८८ साली तिथूनच अल-कायदा निघाली. सोव्हिएत फौजा फेब्रुवारी १९८९ मध्ये परत गेल्या. शिकवलेली माणसं, शिबिरं, पैशाच्या वाटा आणि ते सगळं चालवणारे अधिकारी मागे राहिले. आयएसआयनं त्याचं तोंड काश्मीरकडे वळवलं.

काश्मीरमध्ये त्यांना जागा तयार मिळाली, आणि ती आपण तयार केली होती. मार्च १९८७च्या विधानसभा निवडणुकीत उघड गैरप्रकार झाले. श्रीनगरच्या अमीराकदल मतदारसंघात मुस्लिम युनायटेड फ्रंटचे उमेदवार होते महंमद युसूफ शाह आणि त्यांचा मतदान प्रतिनिधी यासीन मलिक. दोघांना तुरुंगात टाकलं. पुढे युसूफ शाह सय्यद सलाहुद्दीन या नावानं हिजबुल मुजाहिदीनचा म्होरक्या झाला आणि मलिक जेकेएलएफ या स्वतंत्र काश्मीर मागणाऱ्या सशस्त्र संघटनेचा. मतपेटीतला घोळ झाला नसता तर पाकिस्ताननं प्रयत्न केलेच नसते असं नाही. पण त्याला सीमेपलीकडे न्यायला इतकी पोरं मिळाली नसती. आणि लगेच दुसरी बाजूही तेवढ्याच जोरानं सांगायला हवी. १९९०च्या जानेवारीपासून काश्मिरी पंडितांना मोठ्या संख्येनं घरंदारं सोडून पळावं लागलं, त्यांच्यातले कित्येक जण वेचून मारले गेले. निवडणुकीतल्या कुठल्याही अन्यायानं त्याचं समर्थन होत नाही. आपल्याकडे एक वक्ता फक्त १९८७ सांगतो, दुसरा फक्त १९९०. तीन वर्षांचं अंतर आहे हो, दोन्ही एका तासात सांगून होतं.

राजकारणाचा दरवाजा बंद केला की काय होतं याचं सर्वांत भीषण उदाहरण अल्जेरियाचं. डिसेंबर १९९१च्या पहिल्या फेरीत इस्लामी आघाडीनं २३१ पैकी १८८ जागा जिंकल्या. जानेवारीत लष्करानं निवडणूकच रद्द केली. पुढच्या दहा वर्षांत लाखाहून अधिक माणसं मेली.

इराकची गोष्ट मुद्दाम सविस्तर सांगते, कारण तीत मूळ आणि उपाय दोन्ही आहेत, आणि दोन्हींची माती कशी केली तेही. २००३ साली अमेरिकेनं सद्दामची राजवट पाडली. मे महिन्यात अमेरिकी प्रशासकानं एका आदेशानं सबंध इराकी सैन्य बरखास्त केलं. बंदूक चालवता येणारे लाखो लोक एका दिवसात बेकार, बेइज्जत, पेन्शनविना. मग बंदी पकडून ठेवायला छावण्या उघडल्या. कॅम्प बुक्का नावाच्या छावणीत २००४ साली एक धर्मशास्त्राचा विद्यार्थी काही महिने होता. पुढे तो आयसिसचा म्होरक्या अबू बक्र अल-बगदादी म्हणून ओळखला गेला. सद्दामचे बरखास्त अधिकारी आणि जिहादी प्रचारक एकाच तारेच्या कुंपणात आले. आयसिसची लष्करी बुद्धी तिथून आली.

पण २००६ साली अनबार प्रांतात वेगळं घडलं. अल-कायदाच्या क्रूरपणाला कंटाळलेले सुन्नी टोळीप्रमुख रमादीत एकत्र आले आणि अल-कायदावरच उलटले. अमेरिकेनं त्यांना पगार दिला, अधिकार दिले. लाखाच्या आसपास माणसं उभी राहिली आणि वर्ष-दोन वर्षांत अल-कायदा तिथून जवळजवळ उखडली गेली. ज्या समाजातून अतिरेकी निघत होते, त्याच समाजानं त्यांना हुसकलं. पुढे बगदादच्या सरकारनं या लोकांना सैन्यात घेण्याचं वचन पाळलं नाही, उलट त्यांच्या पुढाऱ्यांना पकडलं. जून २०१४ मध्ये इराकचं मोसुल शहर आयसिसच्या हाती पडलं तेव्हा तिला अडवायला ती माणसं नव्हती. काही मारली गेली होती, काही घरी बसली होती आणि काही तिकडेच गेली होती.

नायजेरियातल्या बोको हरामचं असंच. तिचा संस्थापक महंमद युसुफ २००९च्या जुलैत पोलिसांच्या ताब्यात असताना मारला गेला. त्याच्या जागी अबूबकर शेकाऊ आला, आणि त्याच्या काळातच २०१४ साली चिबोकच्या शाळेतून २७६ मुली पळवल्या गेल्या. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं २०१७ साली आफ्रिकेतल्या अशा संघटनांत स्वखुशीनं गेलेल्या जवळपास पाचशे जणांना विचारलं, की शेवटचा निर्णय कशामुळे झाला? ७१ टक्के लोकांनी सरकारी कारवाईचं नाव घेतलं. म्हणजे घरातला माणूस किंवा मित्र मारला गेला, पकडला गेला. हा आकडा व्याख्यानाच्या फलकावर लिहावा असा आहे.

गरिबी आणि मदरसे यांवर आपल्याकडे फार वेळ जातो. लादेन बड्या कंत्राटदाराचा मुलगा, जवाहिरी शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, ९/११चा म्होरक्या अत्ता नगररचनेचा पदवीधर. यांत गरिबी कुठे आणि मदरसा कुठे? पुढे चला.

आता आपल्या गावाकडे येते. स्टुडंट्स इस्लामिक मूव्हमेंट ऑफ इंडिया, म्हणजे सिमी, १९७७ साली अलिगढला स्थापन झाली, जमात-ए-इस्लामी हिंदच्या छत्राखाली. पण ती इतकी जहाल होत गेली की जमातनं तिच्याशी संबंध तोडून १९८२ साली वेगळी विद्यार्थी संघटना काढली. २००१ साली सिमीवर बंदी आली. मार्च २००८ मध्ये तिचा सरचिटणीस सफदर नागोरी आणि त्याचे साथीदार पकडले गेले ते इथे, इंदुरात. त्यानंतर चारच महिन्यांनी, २६ जुलैला, अहमदाबादमध्ये साखळी स्फोट झाले आणि ५६ माणसं गेली. २०२२ साली विशेष न्यायालयानं ४९ जणांना दोषी ठरवलं, त्यांतल्या ३८ जणांना फाशी सुनावली. नागोरी त्यांतला एक. हा माणूस आपल्या माळव्यातला, उज्जैनकडचा. म्हणून ‘आपल्याकडे असलं काही नाही’ असं म्हणून चालणार नाही. होतं, आणि पुन्हा होऊ शकतं.

ते कसं होतं हे मी अगदी जवळून पाहिलं आहे. आयसिसचा जोर होता त्या दिवसांत दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा तास संपल्यावर स्टाफरूमच्या दारात घुटमळत होता. हुशार, अबोल, बंबई बाजारातला. ‘मॅडम, एक चीज दिखानी थी’ म्हणाला आणि मोबाइल पुढे केला. सीरियातला व्हिडिओ होता. कोसळलेलं घर, सिमेंटची धूळ, आणि एक बाप पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं मूल उचलून चाललेला. त्या बापाच्या पायात एकच चप्पल होती. बराच वेळ शब्द नाहीत, फक्त चालणं. मग पडद्यावर अरबीतली एक ओळ. मग विशीतला एक दाढीवाला तरुण, खाली उर्दू मजकूर : तुझ्या बहिणी रडताहेत आणि तू परीक्षेचा अभ्यास करतोस? शेवटी संपर्काचा एक पत्ता.

व्हिडिओचा पहिला भाग पूर्ण खरा होता. ते मूल खरंच मेलेलं होतं. ‘हे खोटं आहे, डिलीट कर’ असं मी म्हटलं असतं तर माझं त्याच्या लेखी काही राहिलं नसतं. मी कपाटातला अॅटलास काढला आणि विचारलं, हे गाव कुठलं? त्याला माहीत नव्हतं. आम्ही अलेप्पो शोधलं. हे घर पाडणारं विमान कोणाचं? तो म्हणाला, अमेरिकेचं. ते असद सरकारचं असण्याचीच शक्यता जास्त होती, कारण अलेप्पोच्या वस्त्यांवर स्फोटकांची पिंपं तेच टाकत होतं. मग अॅटलासवर पूर्वेकडे सरकलो, देर अझ-झोरपाशी. तिथे शैतात नावाच्या टोळीनं आयसिसला विरोध केला म्हणून ऑगस्ट २०१४ मध्ये आयसिसनं शेकडो माणसं मारली. सगळे सुन्नी मुसलमान. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘ये किसी ने बताया ही नहीं.’

दुसऱ्या दिवशी तो आणखी प्रश्न घेऊन आला, नंतर दोन मित्रांना घेऊन आला. आज तो शाळेत इतिहास शिकवतो. त्याला मी वाचवलं असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्याच्या घरचे लोक नेक होते आणि तो स्वतःच शंका घेऊन आला होता. पण तो माझ्याकडे आला, कारण ही बाई ऐकून घेईल, लगेच पोलिसांना फोन करणार नाही, असं त्याला वाटलं. तसं वाटलं नसतं तर त्या व्हिडिओच्या शेवटी एक पत्ता दिलेलाच होता.

आता उपायांविषयी.

बळ लागतं, यात वाद नाही. मोसुल २०१७ साली सोडवलं ते सैन्यानं आणि सीरियातल्या बघूझमध्ये २०१९ साली आयसिसचा शेवटचा तुकडा संपवला तोही लढून. पाकिस्तानसारखं राज्य मागे उभं असतं तिथे त्या राज्यावरही दाब आणावा लागतो. दहशतवादाच्या पैशावर नजर ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या करड्या यादीत ते २०१८ ते २०२२ राहिलं, तेव्हा लष्कर-ए-तोयबाच्या हाफिज सईदवर खटले चालले, शिक्षा झाल्या. पण बळ कुठपर्यंत पुरतं? अमेरिकेच्या रँड संस्थेनं १९६८ ते २००६ या काळातल्या ६४८ दहशतवादी संघटना तपासल्या. ज्या संपल्या, त्यांतल्या ४३ टक्के राजकीय मार्गाला लागल्या, ४० टक्के पोलीस आणि गुप्तवार्ता यंत्रणांनी मोडल्या, लष्करी बळानं संपलेल्या फक्त ७ टक्के. धर्माच्या नावावर चालणाऱ्या संघटना मोडायला इतरांपेक्षा जास्त काळ लागतो, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणजे काम धीराचं आहे आणि ते मुख्यतः ठाण्यातल्या हवालदाराचं आहे.

तुकाराम ओंबळेंचंच बघा. गिरगाव चौपाटीला त्यांनी एके-४७ची नळी छातीशी धरून ठेवली आणि कसाब जिवंत हाती लागला. जिवंत सापडला म्हणून तो कुठल्या गावचा, शिबिरं कुठे झाली, कोणी पाठवलं हे साऱ्या जगासमोर आलं. मग खटला चालला, वकील दिला, अपील झालं आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्यात फाशी. पाकिस्तानला तोंड लपवावं लागलं ते त्या खटल्याच्या कागदपत्रांमुळे. आणि त्याच वेळी मुंबईच्या मुसलमानांनी बाकीच्या नऊ हल्लेखोरांना आपल्या कब्रस्तानात जागा नाकारली. आपल्या व्याख्यानांत ओंबळे असतात, ते कब्रस्तान नसतं.

याच्या उलट मालेगावचं. सप्टेंबर २००६ मध्ये तिथे कब्रस्तानापाशीच स्फोट झाले, मेले ते मुसलमान, आणि पकडले गेले नऊ मुसलमान. पाच वर्षं तुरुंगात काढल्यावर जामीन मिळाला आणि २०१६ साली विशेष न्यायालयानं आरोपांतून मुक्त केलं. गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावरच्या हल्ल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मे २०१४ मध्ये सहा जणांना निर्दोष सोडताना तपासावर कडक ताशेरे ओढले. निरपराध माणूस आत असतो तितके दिवस खरा गुन्हेगार बाहेर असतो. आणि भरती करणाऱ्याला त्या व्हिडिओतल्यासारखा एक खरा प्रसंग फुकट मिळतो.

इंडोनेशियानं हे ओळखलं. २००२ साली बालीत २०२ माणसं मारली गेल्यावर त्यांनी सैन्याऐवजी पोलिसांचं खास दल उभं केलं. खटले उघड चालवले, काहींना फाशी दिली. पण पकडलेल्यांतल्या ज्यांचं मन बदलेल त्यांच्याशी बोलत राहिले. जेमा इस्लामिया संघटनेचा नासिर अब्बास नावाचा कमांडर पोलिसांच्या बाजूला आला आणि आपल्याच जुन्या साथीदारांशी वाद घालू लागला. जून २०२४ मध्ये जेमा इस्लामियाच्या पुढाऱ्यांनी संघटना विसर्जित केल्याचं जाहीर केलं.

पण इतक्या लांब कशाला? भिवंडी घ्या. १९७० आणि १९८४ साली दंगलींनी होरपळलेलं गाव. १९८८ साली तिथे पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले. त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात समित्या केल्या. हिंदू-मुसलमान दोन्ही, आणि पुढारी नव्हेत तर यंत्रमागावरचे कामगार, दुकानदार, बायका. भागातला साधा पोलीस शिपाई त्यांच्याबरोबर बसायचा आणि चर्चा काय, तर गटाराची, नळाची, नवरा-बायकोच्या भांडणाची. माणसं पोलिसाला नावानं ओळखू लागली आणि पोलीस माणसांना. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. बाहेरचा कोण आलाय, कोणाच्या घरी रात्री बैठका होताहेत, ही खबर अशाच ठिकाणी मिळते. ती यंत्रावर मिळत नाही. पोरगं भरकटतंय हे सर्वांत आधी कळतं ते त्याच्या आईला, आणि ती ठाण्यात येईल का, हा या सगळ्यातला मुख्य प्रश्न आहे.

म्हणून आपल्या शहरात जे चाललं आहे त्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. गेल्या वर्षी, २०२५ साली, इथल्या एका कापडबाजारात मुसलमान सेल्समनना कामावरून काढा, असं फर्मान निघालं आणि माणसं निघालीही. वर्षानुवर्षं साड्यांच्या घड्या उलगडून दाखवणारी माणसं होती ती. आपल्या लग्नांचे बस्ते त्यांनी बांधले आहेत. आपल्या वस्त्यांत आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारली जाते हे आपल्याला ठाऊक आहे. दहशतवादाशी लढायची ही पद्धत आहे असं कोणाला वाटत असेल, तर त्यानं अनबारची गोष्ट पुन्हा वाचावी. ज्या बाजारातून काढलं, त्या माणसाच्या बायकोनं मुलाच्या मोबाइलमध्ये काही पाहिलं तर ती कोणाकडे जाईल?

पहलगामनंतरच्या दुसऱ्या दिवशी काश्मीर खोऱ्यात हत्येच्या निषेधार्थ कडकडीत बंद पाळला गेला, मशिदींतून निषेध झाला. हल्लेखोरांशी झटापट करताना मारला गेलेला घोडेवाला तिथलाच होता. पस्तीस वर्षांत खोऱ्यानं असा बंद पाळला नव्हता. त्यातून काय साधता येईल यावर देशभर चर्चासत्रं व्हायला हवी होती. आपल्याकडे तो दिवस कोणाच्या लक्षातही राहिला नाही.

तर माझी विनंती अशी. एक संध्याकाळ न ठेवता तीन ठेवा. पहिल्या दिवशी इतिहास. पण पडद्यावर नकाशा हवा आणि वक्त्यानं १९२८च्या मागे जायचं असेल तर कारण सांगून जावं. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष तपास केलेला निवृत्त पोलीस अधिकारी आणि दहशतवादाचे खटले लढवलेला वकील, दोघं एकाच व्यासपीठावर. तिसऱ्या दिवशी एक काश्मिरी पंडित कुटुंब, मुस्लिम सत्यशोधक मंडळाचा कोणी कार्यकर्ता आणि खजरान्यातला एखादा शिक्षक किंवा इमाम. प्रश्नोत्तरांना तासभर ठेवा, चिठ्ठ्या गाळू नका. वक्त्यांच्या प्रवासखर्चाचा प्रश्न असेल तर तिसऱ्या दिवसाचा भार माझ्या निवृत्तिवेतनातून मी उचलते.

आणि गणेशोत्सव मंडळांच्या कार्यकर्त्यांना वेगळं सांगते. मिरवणुकीच्या बंदोबस्तासाठी ठाण्यात शांतता समितीची बैठक होते, तेव्हा आपण जाऊन सह्या करून येतो. तीच बैठक दर महिन्याला व्हावी, भागातल्या शिपायासह व्हावी आणि तिथे नळ, कचरा, दिवे यांवर बोलणं व्हावं, अशी लेखी मागणी आपल्या मंडळांनी पोलीस आयुक्तांकडे करावी. मसुदा मी तयार केला आहे. भिवंडीचं सगळं काम त्यात थोडक्यात दिलं आहे.

व्याख्यानमालेची निमंत्रणं छापायला जाण्याआधी उत्तर मिळावं ही अपेक्षा. निमंत्रण मराठीबरोबर हिंदी आणि उर्दूतही काढलंत, तर खजराना आणि बंबई बाजारात घरोघरी द्यायला मी येईन. माझे काही जुने विद्यार्थीही येतो म्हणाले आहेत.

आपली,
राज्यशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका
लोकमान्य नगर, इंदूर